मुटका

लिहितात वेगळंच, म्हणतात किथली.
गावाच्या डोक्यावर दलदलीचा माळ, काळपट,
तिथून सुटलेला वारा एप्रिलातही
थेट माझ्या खिडकीच्या फटीत शिरतो,
जिथे दह्याच्या रिकाम्या डब्यांत
बावीस वांगी, नऊ मिरच्या
दोन-दोन खरी पानं काढून
उजेडाकडे माना लांबवतायत.

आता हलवायला हवीत.

गेल्या वर्षी मागच्या अंगणातली माती भरली.
यॉर्कशरची चिकणी, हट्टी माती,
पाणी घातलं की चिखल, विसरलं की वीट.
आठवड्यात रोपं बुडाशी काळी पडली
आणि एकामागून एक आडवी झाली.
हेरंब म्हणाला, "विकतची आण ना."
जसं काही विकतची एकच असते.

दुकानात अकरा तऱ्हेच्या गोण्या.
बियांसाठी, कुंड्यांसाठी, 'सर्व कामांसाठी'.
सर्व कामांची माणसं मी पाहिलीयत,
एकही काम धड होत नाही त्यांच्याकडून.
एकीत खत इतकं, की कोवळी मुळं भाजावीत.
एकीत नुसत्या ढलप्या.
कोपऱ्यात पीटची एक जुनी गोणी, स्वस्त, मऊ.
फाटक्या कोपऱ्यातून वास घेतला:
हा तर वरचा माळ,
वर्षाला दोऱ्याइतका साचलेला.
परत ठेवून दिली.

घेतली काथ्याची वीट. चार पौंड.
गुहागरला आमच्याकडे सोडणं
आंघोळीच्या पाण्याखाली जळायची,
धूर डोळ्यांत गेला की मी भोकाड पसरायचे.
चार पौंडांचा धूर, रोज सकाळी, फुकट.

रात्री बादलीत भिजत घातली.
सकाळी वीट गायब, काठोकाठ तपकिरी रवा.
पण काथ्या पाणी तेवढं धरतो,
ताटात काही वाढत नाही.
उपाशी पाहुणा किती दिवस टिकणार?

कुंपणापलीकडून एनिड बघत होती.
ती एरवी हवामानापलीकडे बोलत नाही.
आत गेली. शेडचं दार करकरलं.
एक काळी पिशवी ओढत आली, सुतळीने बांधलेली,
पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलीने:
ओक, थोडा बीच. घाई नको.
अक्षर क्लिफर्डचं.
त्याला जाऊन तीन हिवाळे झाले,
पानं त्याच्या आदल्या शरदातली.

मी म्हटलं, राहू दे गं.
ती म्हणाली, "कुजून झालंय सगळं.
आणखी कशाची वाट बघायची?"

गाठ सुटेना. तिने दातांनी सोडवली.
आत पानं नव्हतीच,
काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या रानाचा वास,
आणि मधोमध ओकचं एक अखंड बोंड, मुकाट.

दोन घमेली काथ्या, एक क्लिफर्डची,
गांडूळखत ओंजळभर,
साबुदाण्यासारखं पांढरं पर्लाइट, अंदाजाने.
दिवसभर औषधांच्या दुकानात मी मिलिग्रॅम मोजते,
इथे मोजायला हात.

मूठ आवळून बघायची:
मुटका वळला पाहिजे,
पण बोटाने टोचताच फुटला पाहिजे.
लाडवाइतका घट्ट नको,
उकडीसारखा चिकट तर नकोच.
माझा पहिला ठिबकला.
एनिडच्या बोटांना सांधेदुखी, मूठ पुरती मिटत नाही,
तरी तिचा वळला, आणि नीट फुटला.
"हं," ती म्हणाली. किथलीत ही मोठी शाबासकी.

मग रोपं, पानाला धरून;
पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चेंगरला की संपलं.
पेन्सिलीने भोक, मूळ सरळ खाली,
वरून माती, दाबायची नाही, फक्त ठोकायचा डबा.

सकाळी एकोणतीस उभी.
दोन मिरच्या रुसलेल्या, बघू.

एनिड दारात आली. वांगी नकोत म्हणाली,
तिला ती आवडत नाहीत, कधीच नव्हती.
पिशवी तेवढी परत मागितली.
मी झटकून, घडी घालून दिली.
पुठ्ठ्याचा तुकडा
तिने आधीच खिशात घातला होता.